बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या निवासगृहात वृद्धत्वाची तयारी: पायरीपायरीने

आमच्या निवासगृहात 12 जण राहतात. सर्वांत धाकटा 34 वर्षांचा आहे आणि सर्वांत थोरल्या ताई 61 वर्षांच्या आहेत. तरीही पालक, मावशी, विश्वस्त, सगळेच त्यांना 'आपली मुलं' म्हणतात. या शब्दात माया आहे, पण याच शब्दामुळे ती म्हातारी होऊ लागली आहेत हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. वयाच्या 47 व्या वर्षी त्याने अचानक न्हाणीघरात जायला नकार दिला. दारापर्यंत यायचा, चौकट घट्ट धरायचा आणि पाऊलच उचलायचा नाही. आम्ही त्याला हट्टी ठरवले, समजावले, रागावलो. दोन आठवड्यांनी भेटीस आलेल्या एका व्यवसायोपचारतज्ज्ञ (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या) बाईंनी उंबऱ्याच्या काळ्या कडप्प्याकडे बोट दाखवले. पांढऱ्या फरशीत बसवलेली ती काळी पट्टी त्याला खड्ड्यासारखी दिसत होती. आम्ही तिच्यावर फरशीच्याच रंगाची न घसरणारी पट्टी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने आत गेला.

ही त्याच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात होती, हे पुढे कळले. पण त्या दिवशी एक गोष्ट कायमची समजली. घर वेळेवर बदलले, तर माणसाला घर सोडून जावे लागत नाही. पालकांचा गट, न्यास किंवा एखादे कुटुंब असे निवासगृह चालवत असेल, तर आम्ही अडखळत शिकलो ते त्यांना आधीच माहीत असावे, म्हणून हा लेख लिहिला आहे.

1. माणूस सुस्थितीत असतानाच त्याची नोंद करून ठेवा

सुरुवात गवंड्यापासून करू नका, वहीपासून करा. स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या चाचणीत आजची तारीख विचारतात, उलटे आकडे मोजायला सांगतात, घड्याळ काढायला सांगतात. ज्याला घड्याळ कधीच वाचता आले नाही, त्याच्या बाबतीत या चाचणीतून काहीच निष्पन्न होत नाही. त्याची तुलना फक्त त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी करता येते, आणि काल तो कसा होता हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांची ही नोंद 35 व्या वर्षी सुरू करावी, इतरांची 50 च्या आत. सदऱ्याची बटणे स्वतः लावतो का, किती जणांना नावाने हाक मारतो, ताट उचलून मोरीत नेतो का, कोपऱ्यावरच्या दुकानात एकटा जाऊन परत येतो का, कोणती आरती अखेरपर्यंत म्हणतो, रात्री किती वेळा उठतो, अशा साध्या गोष्टी लिहाव्यात. दर वाढदिवसाला मोबाइलवर पाच मिनिटांचे चित्रण करावे, ज्यात तो चालतो, पायरी चढतो, जेवतो आणि बोलतो. अमेरिकेतील एका राष्ट्रीय कार्यगटाने तयार केलेली एनटीजी-ईडीएसडी नावाची प्रश्नावली काळजीवाहकाने भरायची असते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांसाठी ती 40 व्या वर्षापासून दरवर्षी भरावी असे सुचवले जाते. तिच्यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे ठेवायला हाती काहीतरी ठोस असते.

यात घाई करण्याचे कारण आणखी एक आहे. ही माहिती आज 80 वर्षांच्या आईच्या डोक्यात आहे, किंवा 15 वर्षे काम करणाऱ्या मावशींच्या. त्या दोघी नसतील तेव्हा ही माहिती विचारायला कोणीच उरणार नाही.

2. 'वयामुळे होते' असे म्हणण्याआधी तपासण्या करा

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाच्या प्रत्येक बदलाचे खापर त्याच्या दिव्यांगत्वावरच फोडले जाते, आणि वय वाढले की स्मृतिभ्रंशावर. दोन्ही वेळा खरा आजार झाकला जातो. डाऊन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या मूळ द्रव्याचे जनुक त्याच गुणसूत्रावर असते. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल दिसतात. मात्र मेंदूतले बदल म्हणजे लक्षणे नव्हेत. लक्षणे बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात, आणि तोपर्यंत दिसणारी घसरण बरी होण्याजोग्या कारणाची असू शकते.

म्हणून वागण्यात बदल दिसला की पुढील गोष्टी डॉक्टरांकडून आवर्जून तपासून घ्याव्यात. थायरॉइड, जे डाऊन सिंड्रोममध्ये दरवर्षी पाहावेच लागते. ब-12 जीवनसत्त्व, विशेषतः शाकाहारी घरांत. मोतीबिंदू. कानातील मळ, कारण डाऊन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते आणि मळ साचून माणूस बहिरा होतो, मग 'ऐकत नाही' म्हणून बोलणी खातो. झोपेत श्वास अडखळणे. बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, दातदुखी. ज्याला दुखते हे सांगता येत नाही, तो चावतो, ओरडतो किंवा जेवण सोडतो. चालण्याची ढब अचानक बदलली, हातपाय अशक्त झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी तातडीने करावी, कारण डाऊन सिंड्रोममध्ये तेथील सांधा सैल असू शकतो.

औषधांची यादीही वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे ठेवावी. फिट्सची काही जुनी औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. 20 वर्षांपूर्वी 'शांत राहावा म्हणून' सुरू केलेली गोळी आज तोल घालवत असेल. ती स्वतःहून बंद करू नये, पण ती का चालू आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. शोकाचाही विचार करावा. आई गेल्यावर सहा महिन्यांनी माणूस गप्प होतो आणि त्याला अंत्यविधीलाही नेलेले नसते, असे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

3. घराची फेरी: एकदा चाकाच्या खुर्चीत बसून, एकदा रात्री दोन वाजता

चाकाची खुर्ची उसनी आणा, तीत बसा आणि फाटकापासून मोरीपर्यंत जाऊन पाहा. मग रात्री दोन वाजता दिवा न लावता खाटेपासून शौचकूपापर्यंत चालून पाहा. या दोन फेऱ्यांनी आम्हाला जे दाखवले, ते कोणत्याही तपासणी यादीने दाखवले नाही.

*जमीन.* कडप्प्याच्या काळ्या पट्ट्या, काळे-पांढरे चौकटींचे तळ आणि चकचकीत फरशी या तीन गोष्टी आधी हाताळाव्यात. स्मृतिभ्रंशात खोल काय आणि सपाट काय याची जाण बिघडते. काळे ते खड्ड्यासारखे आणि चकाकते ते पाण्यासारखे दिसते. जुन्या मोझेक लाद्यांमधले खडे आमच्या एक ताई वेचू पाहतात आणि वाकताना पडतात. संपूर्ण फरशी उखडण्याची गरज नसते, एकरंगी, चमक नसलेले व्हिनाइल वरून चिकटवता येते. पायपुसणी काढून टाका. उंबरा धार्मिक भावनेने ठेवायचा असेल, तर तो फक्त मुख्य दाराला ठेवा आणि त्याला दोन्हीकडून उतार द्या.

*उजेड.* वृद्ध डोळ्यांना तरुणांपेक्षा बराच जास्त उजेड लागतो, पण झगझगाट सोसत नाही. एका ट्यूबलाइटऐवजी दोन-तीन ठिकाणी सौम्य दिवे लावावेत, म्हणजे सावल्या पडत नाहीत. संध्याकाळी पडणाऱ्या सावल्यांना आमचे दोघे 'माणूस आला' म्हणून घाबरत. खाट ते शौचकूप या वाटेवर हालचालीने लागणारे छोटे दिवे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल ठरला. लोडशेडिंग असलेल्या गावात ते बॅटरीवर चालणारे घ्यावेत.

*न्हाणीघर आणि शौचकूप.* येथे मन आणि पैसा दोन्ही सढळ हाताने खर्च करा, कारण येथे पडण्याचा धोका मोठा असतो. आपल्याकडे अंघोळ बादलीने होते आणि त्यामुळे सगळी जमीन ओली राहते. अंघोळीची जागा आणि शौचाची जागा यांच्यात उतार व जाळी देऊन पाणी अलीकडेच अडवावे. पाट किंवा मोरीचा कट्टा यांऐवजी हाताच्या दांड्या असलेली, रबरी टोकांची अंघोळीची खुर्ची घ्यावी. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर ठेवायची कमोड खुर्ची हा तात्पुरता उपाय आहे. शक्य असेल तर पाश्चात्त्य पद्धतीचे भांडे बसवावे.

पांढरी भिंत, पांढरी फरशी, पांढरे भांडे आणि वर पांढरे झाकण असे असेल, तर बसायचे कुठे हेच त्या माणसाला दिसत नाही. आम्ही गडद निळी बैठक बसवली आणि दोघांचे 'बाहेरच लघवी करणे' त्याच आठवड्यात थांबले. आधाराचे दांडेही भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे असावेत. ते पोकळ विटेत किंवा नुसत्या लादीत ठोकू नयेत. भिंतीत पक्की पकड असल्याची खात्री करण्यासाठी स्वतः त्यांवर पूर्ण वजन टाकून पाहा. टॉवेल अडकवायची नळी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, ती उपटून आमच्या एकाचे मनगट मोडले आहे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत पडलेला माणूस दार अडवतो. कडी बाहेरूनही उघडता यावी. गीझरचे कढत पाणी थेट बादलीत न सोडता आधी गार पाणी घ्यावे आणि काळजीवाहकाने कोपर बुडवून पाहावे. आरशात स्वतःला न ओळखून कोणी घाबरत असेल, तर आरशावर पडदा टाकावा.

*पायऱ्या आणि रॅम्प.* झोपण्याच्या खोल्या तळमजल्यावर आणा. जिन्याला दांडे लावून वेळ मारून नेऊ नका. रॅम्पचा प्रमाण उतार 1:12 आहे. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या, एकूण 45 सेंटिमीटर उंची, यासाठी 5.4 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. गवंडी 'चार-पाच फुटांत उतरवून देतो' म्हणेल आणि तसा रॅम्प खुर्चीसाठी घसरगुंडी होईल. दोन्ही बाजूंना कठडा हवा, दारापुढे सपाट जागा हवी. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर आणि खुर्ची वळवण्यासाठी दीड मीटर व्यासाची जागा, ही दोन मापे सुताराला लिहून द्या. भिंत फोडायची असेल तर ती भार पेलणारी आहे का हे अभियंत्याकडून तपासून घ्या. घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती घ्या.

*बाहेर निघून जाणे.* सर्वांत सोपा आणि सर्वांत धोकादायक उपाय म्हणजे कुलूप. आग लागली तर किल्ली सापडत नाही. त्याऐवजी दार उघडल्यावर वाजणारी घंटी लावावी, आणि जाण्याची ओढ का लागते ते पाहावे. आमच्या एका रहिवाशाला दुपारी चारला कार्यशाळेची बस पकडायची असे. ती बस बंद होऊन सहा वर्षे झाली होती. आता चार वाजता मावशी त्यांना अंगणात एक फेरी मारून आणतात.

*ओळखीच्या खुणा.* अक्षरांच्या पाट्या बहुतेकांना कधीच उपयोगी नव्हत्या. दारावर त्या खोलीतील माणसाचे तरुणपणीचे छायाचित्र लावावे. शौचकूपाचे दार घरात इतर कशालाही न दिलेल्या एकाच रंगाचे करावे. सगळे एकदम बदलू नये, हा यातला मोठा सापळा आहे. रंगकाम, खाटा आणि खोल्या एकाच महिन्यात बदलल्यावर आमच्याकडे तीन जण रात्रभर जागू लागले. एका वेळी एकच बदल करावा आणि तीन-चार आठवडे थांबावे.

4. ताट

गिळण्याची क्रिया मंदावते, हे कोणी सांगत नाही. जेवताना खोकला, जेवणानंतर ओला घोगरा आवाज, घास गालात धरून ठेवणे, वारंवार छातीत कफ होणे, ही लक्षणे दिसली तर वाचा व गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांना दाखवावे. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यात न्यूमोनिया हे मृत्यूचे एक मुख्य कारण असते आणि त्याची सुरुवात अनेकदा श्वासनलिकेत गेलेल्या घासापासून होते.

आपल्या स्वयंपाकघरात धोका कुठे आहे, ते ओळखावे. कोरडे पोहे, चिवडा, शेंगदाणे, फुटाणे, टाळूला चिकटणारा पेढा, उपवासाची साबुदाणा खिचडी, दाण्यांच्या कुटाचा लाडू आणि पातळ रस्स्यात तरंगणारे कडधान्य हे सगळे कठीण पदार्थ आहेत. पातळ आणि घट्ट एकत्र असलेला घास सर्वांत अवघड असतो. मऊ गुरगुट्या भात आणि घट्ट वरण, दुधात पूर्ण भिजवलेली भाकरी, शिजवून घोटलेली लाल भोपळ्याची भाजी, शिरा, गाळलेली खीर, हे बहुतेकांना चालते. पण कोणाला काय चालेल हे तज्ज्ञांनी ठरवावे आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर नावासह लावावे. जेवताना पाठ ताठ असावी, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. पाहुणे प्रसाद देतात तेव्हा तो आधी मावशींच्या हाती द्यावा, अशी स्पष्ट सूचना दारात लावा. सणाच्या दिवशी ही शिस्त मोडते, म्हणून त्या दिवशी एक जण फक्त जेवणावर लक्ष ठेवायला नेमावा.

5. दिवसाची मांडणी आणि माणसे

कागदी पिशव्या आणि पणत्या करणाऱ्या 55 वर्षांच्या माणसालाही निवृत्तीचा अधिकार आहे. कार्यशाळा अर्धा दिवस करावी, पण एकदम बंद करू नये. शांत बसायला एक वेगळी छोटी खोली हवी, कारण तरुण रहिवाशांचा दूरदर्शन आणि गोंगाट वृद्धांना सोसत नाही. रात्रपाळीची व्यक्ती जागी असणे आवश्यक आहे. 'मावशी तिथेच झोपतात' ही रात्रपाळी नव्हे.

वारलेल्या आईला कोणी हाक मारत असेल, तर 'आई गेली ना' असे दर वेळी सांगू नये. त्या माणसाला ती बातमी प्रत्येक वेळी नव्याने कळते. 'आईची आठवण येते का? आई काय करून द्यायची?' असे विचारावे. काळजीवाहकांना हे शिकवावे लागते, आणि इतर रहिवाशांनाही सांगावे लागते. माझ्या भावाच्या खोलीतील मित्र कित्येक महिने रुसला होता, कारण भाऊ त्याचे नाव विसरला होता. 'तो आजारी आहे, तुझ्यावर रागावलेला नाही' एवढे सांगितल्यावर त्यानेच भावाचा हात धरून त्याला जेवायला न्यायला सुरुवात केली.

6. कागदपत्रे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार दिव्यांगांसाठीच्या संस्थेला नोंदणी लागते. महाराष्ट्रात हा विषय पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहे. प्रत्येक रहिवाशासाठी एक फाइल असावी, तीत खालील कागद असावेत.

- आधार आणि दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड
- राष्ट्रीय न्यास कायदा 1999 अंतर्गत मिळालेले पालकत्वाचे प्रमाणपत्र
- निरामय आरोग्य विमा योजनेचे कार्ड, ज्यात 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते
- चालू औषधे, मात्रा, वावडी असलेली औषधे आणि जुने अहवाल
- पायरी 1 मधील नोंदवही आणि चित्रणांची यादी
- बँक खाते, निवृत्तिवेतन व अनुदानाचे कागद

यातला सर्वांत मोठा सापळा पालकत्वाचा आहे. मूल 18 वर्षांचे झाल्यावर आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. अनेक घरांत वडील पालक म्हणून नोंदले जातात, ते वारतात आणि नवा पालक नेमण्याआधीच शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद समोर येतो. आईवडील हयात असतानाच भावंडाला किंवा संस्थेला पुढचे पालक करण्याची तयारी ठेवा. नेमणुकीनंतर 6 महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी सादर करावी लागते, हेही विसरू नका. निरामयचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, त्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहा.

7. रुग्णालय आणि अखेरचा काळ

एका पानाचा कागद तयार ठेवा. हा माणूस कसा बोलतो, दुखले तर काय करतो, कशाची भीती वाटते, कसा जेवतो, कोणाला फोन करायचा, हे त्यात लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. ओळखीची व्यक्ती रात्रंदिवस सोबत असू द्या, कारण आमच्या एका ताईंना अनोळखी खोलीत बांधून ठेवण्यात आले होते आणि तसे करण्याचे कारण विचारणारे कोणीही हजर नव्हते. रुग्णालयातून परतताना नवी औषधे जुन्या यादीशी ताडून पाहा.

नळीने अन्न द्यायचे का, अतिदक्षता विभागात न्यायचे का, घरीच ठेवायचे का, हे प्रश्न आजार बळावण्याआधी, त्या माणसाला जितके समजेल तितके त्याच्यासह, कुटुंबीय आणि डॉक्टर यांनी बसून बोलावे आणि लिहून ठेवावे. दर सहा महिन्यांनी ते पान पुन्हा वाचावे. माझ्या भावाच्या पानावर वैद्यकीय निर्णयांखाली तीन ओळी त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून लिहिल्या आहेत: खाट स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ असावी, म्हणजे कुकरची शिट्टी ऐकू येते, सकाळी चहा बशीत द्यावा, आणि मित्राची खाट बाजूलाच राहावी.